ल्युअरचा रंग: भुसावळ, विहीर, सुरत, मालवण (प्रकल्प नोंदी)

२२ सप्टेंबर २०२४, रविवार

साडूभाऊंशी फोनवर परत तेच भांडण. ते सुरतेला डाईंग मिलमधे, मी इथे भुसावळला फ्लेक्सच्या दुकानात, दोघांचं पोट रंगावर, आणि दोघांना नाद एकच, वर्षातून चार-पाच वेळा समुद्रावर जाऊन गळ टाकायचा. खान्देशात राहून समुद्रात मासेमारी म्हणजे लोक हसतात, हसू दे. तर साडूभाऊंचं म्हणणं की ल्युअर, म्हणजे दोरीला बांधायचा हुकवाला खोटा मासा, गुलाबीच पाहिजे, बाकी सगळं दुकानदाराचं पोट भरायला. माझं म्हणणं की रंगाला काही अर्थ नाही, मासा हलतं काय ते बघतो. दोन वर्षं झाली, ते तिथेच, मी इथेच.

आज बॉक्स उघडून मोजले, माझ्याकडे ३१ ल्युअर निघाले. रंगाला अर्थ नाही म्हणणाऱ्या माणसाकडे एकाच स्पूनचे (चमच्यासारख्या धातूच्या ल्युअरचे) सहा रंग! बायकोने हे बघितलं आणि काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. म्हणून ठरवलं की आता तोंडी वाद बंद, जे काय करू ते लिहून ठेवायचं.

२५ सप्टेंबर

पहिलं काम फुकटचं होतं, दोघांच्या मोबाईलमधले फोटो काढले. दमण, डहाणू, एकदा हर्णै, मिळून दोन वर्षांत २३ मासे, फोटोत ल्युअर तोंडात दिसतोच. त्यातले १४ गुलाबीवर. साडूभाऊंना पाठवलं तर लगेच फोन, "बघा पाहुणे, मी काय सांगत होतो, चौदा!"

मग रात्री झोप येईना म्हणून एक गोष्ट सुचली, गुलाबी पाण्यात होता किती वेळ? साडूभाऊ पहिल्या फेकीला गुलाबी बांधतात आणि हात दुखेपर्यंत काढत नाहीत. माझ्या वहीत वेळा लिहिलेल्या आहेत, अंदाजाने का होईना, दोघांचे मिळून ६० तास, त्यातले ४१ तास गुलाबी आणि १९ तास बाकी सगळे रंग मिळून. म्हणजे गुलाबीला ४१ तासांत १४, ताशी ०.३४. बाकीच्यांना १९ तासांत ९, ताशी ०.४७. गुलाबी मागे पडला की! बरं बाकीचे रंग आम्ही कधी लावायचो, तर मासा लागत नाही तेव्हा, म्हणजे मेल्या वेळात. तरीही पुढे.

ज्या दुकानात गिऱ्हाईक जास्त वेळ बसतं तिथे चहा जास्त खपतो, त्यात चहाचं काय कौतुक. हे साडूभाऊंना सांगितलं, ते म्हणाले तुमच्या वहीवर माझा विश्वास नाही. बरोबर आहे, माझाही फार नाहीये. नीट करायला पाहिजे.

६ ऑक्टोबर, रविवार

सामान जमवलं. आठ स्पून एकाच साईजचे, एकाच कंपनीचे, २८ ग्रॅमवाले, मुंबईहून मागवले, एकशे साठला एक. सगळे चांदीसारखे चकचकीत. त्यातला एक तसाच ठेवला, बाकीचे रंगवले: लाल, हिरवा, निळा, काळा, पांढरा. उरलेल्या दोघांना दुकानातलं रेडियम चिकटवलं, एकाला गुलाबी आणि एकाला तो डोळ्यात घुसणारा पोपटी-पिवळा. रेडियम म्हणजे आमच्या धंद्यात गाड्यांवर नावं कापतो ते स्टिकर, खरं रेडियम नाही हो, त्यातला हा फ्लोरोसंट प्रकार. साडूभाऊंचा लाडका गुलाबी पण फ्लोरोसंटच आहे, हे मी तोपर्यंत धरलंच नव्हतं. पुढे महागात पडलं.

रंग चढवला की वजन वाढतं आणि वजन वाढलं की स्पून वेगळा पडतो वेगळा हलतो, मग तपासताय काय, रंग का वजन? ओळखीच्या सराफाकडे काट्यावर ठेवले. तो म्हणे हे कोणते दागिने. सगळ्यात जड आणि सगळ्यात हलका यात ०.४ ग्रॅमचा फरक निघाला, पॉलिश पेपर मारून ०.१ वर आणला. दुपार गेली त्यात.

दुसरी वस्तू बनवली ती चकती. पाणी किती गढूळ आहे हे मोजायला. इटलीत अँजेलो सेक्की नावाचे धर्मगुरू होते, खरं काम आकाशातल्या ताऱ्यांचं, पण १८६५ साली पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या चकत्या सोडून कुठपर्यंत दिसतात ते मोजत बसले. अजूनही जगात तेच वापरतात, समुद्रासाठी ३० सेंटीमीटरची पांढरी चकती आणि तळ्यासाठी २० ची काळी-पांढरी. दोरीला बांधा, खाली सोडा, दिसेनाशी झाली की दोरी मोजा. बॅटरी नाही काही नाही. मी मोडीतल्या स्टीलच्या ताटाला पांढरा ऑइलपेंट मारला, खाली दोन किलोचं माप लटकवलं आणि दोरीला दर फुटावर लाईटवाल्याची टेप. ताट कोणाचं होतं हे घरात अजून कळलेलं नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार

समुद्र साडेतीनशे किलोमीटर लांब, मग खोल पाणी कुठून आणणार? मामाच्या केळीच्या मळ्यातली विहीर. यावल तालुक्यात बहुतेक विहिरी आटून ट्यूबवेल झाल्यात पण मामाची अजून धरून आहे आणि यंदा पाऊस चांगला, त्यामुळे पाच परस पाणी, म्हणजे साडेआठ मीटर भरलं. काल दसरा झाला, आज सोनं वाटायला जातो असं सांगून निघालो, डिक्कीत ताट आणि स्पून.

दुपारी सव्वाबाराला ऊन सरळ विहिरीत उतरतं ती वेळ धरली. पीव्हीसी पाईपच्या टी-जॉइंटला आठही स्पून ओळीत बांधले, समोर दीड फुटावर पुतण्याचा अ‍ॅक्शन कॅमेरा, पाणीबंद डब्यात. पहिला राऊंड वाया! कॅमेरा आपोआप रंग सुधारतो, तो स्वतःच लाल वाढवत होता, व्हिडिओत लाल स्पून आठ मीटरलापण टमाट्यासारखा. फ्लेक्समधे रोज सतरा वेळा कलर बॅलन्स करणाऱ्याला हे आधी सुचू नये? व्हाइट बॅलन्स ५५०० ला लॉक करून परत सोडला.

दुसऱ्या राऊंडला जे दिसलं ते लिहितो. एक मीटरला सगळे ठीक. तीनला लाल जरा विटकरी. पाचला लाल तपकिरी, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा. सात मीटरला लाल आणि काळा यात फरक सांगता येईना, मी व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला, डावीकडचा लाल आणि चौथा काळा एवढं माहीत होतं म्हणून. निळाही मळकट झाला कारण विहिरीचं पाणी हिरवं आहे, शेवाळ, त्यात निळा उजेड टिकत नाही. हिरवा आणि पांढरा दोघं हिरवट पांढरे. आणि गुलाबी? गुलाबी टिकला! सात मीटरलाही नारिंगी-गुलाबी दिसत होता, पोपटी तर बल्ब लावल्यासारखा.

साध्या लाल रंगाला दिसायला लाल उजेडच लागतो, तो वरच संपला. फ्लोरोसंट रंग निळा-हिरवा उजेड पितो आणि त्याचा गुलाबी करून बाहेर टाकतो, त्यामुळे खाली जो उजेड पोचतो त्यावरही तो चालतो. हायलायटर पेनची हीच गंमत. साडूभाऊ नकळत बरोबर होते, निदान अर्धे. हे त्यांना लगेच सांगायचं की नाही यावर विचार चालू आहे.

आता दुर्घटना. वर ओढताना गुलाबी स्पूनची गाठ सुटली. डुबुक. मामा काठावरून वाकून म्हणाला, "गुलाबी ना तो? मग दिसायला पाह्यजे भो." नाही दिसला. कॅमेरा तळापर्यंत सोडून बघितलं, नुसता गाळ. जगातला सगळ्यात उठून दिसणारा रंग म्हणून जो मिरवतो तो साडेआठ मीटरच्या विहिरीत गायब. मामा म्हणतो उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काढू. केळी घेऊन घरी.

१५ ऑक्टोबर ते २४ नोव्हेंबर

विधानसभा. आचारसंहिता लागली तसं आधी सगळे फ्लेक्स उतरवायचे आणि मग परवानगीचे छापायचे. २० तारखेला मतदान, २३ ला निकाल, निकालाच्या रात्री विजयाचे फ्लेक्स तीन उमेदवारांचे आधीच छापून तयार होते, निवडून एकच आला. बाकी दोघांच्या फ्लेक्सवर आता गोदामात कांदे ठेवलेत. प्रकल्पावर शून्य काम.

२७ नोव्हेंबर

दिवाळीतला रिमोटवाला रंगीत बल्ब दुकानात पडला होता. रात्री शटर खाली करून सगळे दिवे बंद केले, बल्ब हिरव्यावर टाकला. टेबलावर लाल स्पून, काळा झाला. मुलगी नववीत आहे, तिला बोलावून दाखवलं, ती म्हणाली "पप्पा हे सहावीत शिकवलंय." मग साडी घ्यायला गेलं की बायका साडी दुकानाच्या दारात उन्हात नेऊन का बघतात हे तिने मला समजावलं. ठीक आहे.

पण एक आकडेमोड तिच्याकडून करून घेतली. शुद्ध पाणी दर मीटरला किती उजेड खातं याचे मोजलेले गुणांक आहेत (टक्के नाहीत, घातांकात घालायचे): लाल उजेडासाठी, म्हणजे ६५० नॅनोमीटरला, सुमारे ०.३४, हिरव्यासाठी ५५० ला ०.०५७ आणि निळ्यासाठी ४५० ला ०.००९. यावरून १० मीटर खाली लाल उरतो फक्त ३ टक्के, हिरवा ५७ आणि निळा ९१. पाच मीटरलाच लाल १८ वर आलेला असतो. हे शुद्ध पाण्याचं, आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात गाळ, शेवाळ, कुजका पाला, त्यामुळे तिथे निळा पण मार खातो आणि टिकतो तो हिरवा-पिवळा.

यातली खरी गोम मला आज रात्री कळली. उजेड वरून खाली येतो तेवढंच अंतर धरायचं नसतं, स्पूनवरून माशापर्यंत जायचं अंतर पण धरायचं असतं! म्हणजे स्पून एक मीटरवर आहे पण मासा पाच मीटर लांब आहे तर त्याच्या डोळ्यापर्यंत लाल उजेडाला सहा मीटर पाणी. माझा कॅमेरा दीड फुटावर होता, मासा काय दीड फुटावर बसून वाट बघतो का. लांबून त्याला दिसतो तो नुसता ठिपका, उजळ किंवा काळपट. रंग कळतो तो अगदी तोंडाशी आल्यावर, आणि तेव्हा तो फिरतो की खातो हा एवढाच प्रश्न उरतो.

८ डिसेंबर, रविवार

हतनूर, आमच्याकडचं तापीवरचं धरण. गळ नेला नाही, तिथे मासेमारीचा ठेका आहे आणि थंडीत पाहुणे पक्षी येतात, गडबड नको. फक्त ताट. ओळखीचे भोईकाका होडी घेऊन होते, त्यांनी बसवलं. चकती ७० सेंटीमीटरला गायब. पावसाळ्यात ४१ दरवाजे उघडतात तेव्हा इथे चकती वीतभर खालीपण दिसली नसती. काकांना सगळा प्रकार सांगितला, ते जाळं झटकत म्हणाले, "मासा रंग पाह्यत नई भो, सावली पाह्यतो. जाळ्याची सावली पडली का पयाला." मी वहीत लिहिलं. सावली.

कारण खालून वर बघणाऱ्या माशाला पाण्याचा पृष्ठभाग सगळा उघडा दिसत नाही, डोक्यावर सुमारे ९७ अंशांची एक गोल खिडकी दिसते आणि सगळं आकाश त्या खिडकीत गोळा झालेलं असतं. त्या उजळ खिडकीत स्पून आला की कोणत्याही रंगाचा असो, पाठीमागून उजेड, म्हणजे काळाच. आपण उन्हाकडे तोंड करून उभ्या माणसाचा फोटो मागून काढतो तसंच. काळा स्पून तिथे सगळ्यात ठळक. बांगड्याची पाठ काळी-हिरवी आणि पोट पांढरं असतं ते उगीच नाही, खालून बघणाऱ्याला पोट आकाशात मिसळावं म्हणून.

१५ डिसेंबर, रविवार, सुरत

रात्रीच्या गाडीने सुरत, साडूभाऊंकडे. वहिनींनी सकाळी सकाळी शेवभाजी आणि कळण्याची भाकरी, सुरतेत आमच्याकडच्यांची एवढी वस्ती आहे की कळण्याचं पीठ गल्लीत मिळतं.

डुमसला गेलो. भरती होती. चकती २० सेंटीमीटरला दिसेनाशी, म्हणजे ताट गुडघ्याच्या वरच हरवलं. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा जोर एवढा की गाळ खाली बसतच नाही, वर तापी, नर्मदा, मही, साबरमती सगळ्यांची माती. मी म्हटलं आमच्या हतनूरचीच माती आहे ही, लगेच साडूभाऊ म्हणाले मधे उकाई आहे ना, तुमची माती तिथेच बसते. बरोबर बोलले, मुद्दा सोडला.

चार तास, आठ रंग, मासे शून्य. शेजारी एक जण कोळंबी लावून बसला होता त्याने दोन शिंगाळे काढले. अशा पाण्यात मासा वासाने आणि अंगाला जाणवणाऱ्या हालचालीने शोधतो, तुम्ही सोन्याचा ल्युअर टाका.

परत येताना रिक्षात साडूभाऊंच्या मिलमधलं बोलणं निघालं. ते शेड मॅचिंगला असतात. कापडाचा तुकडा एका पेटीत ठेवायचा आणि आधी डी-६५ च्या ट्यूबखाली म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा, मग दुकानातल्या ट्यूबखाली, मग पिवळ्या बल्बखाली बघायचा, तिन्हीत जुळला तरच शेड पास. एका उजेडात जुळणारे दोन तुकडे दुसऱ्या उजेडात वेगळे निघतात, त्यावरून माल परत येतो, भांडणं होतात. मी म्हटलं साडूभाऊ, तुम्ही रोज तीन दिव्यांखाली शेड बघता आणि समुद्रात एकाच रंगावर अडून बसता? ते गप्प. मग रिक्षा उतरताना म्हणाले, "पेटीत मासा नसतो."

११ आणि १२ जानेवारी २०२५, मालवण

मी भुसावळहून पुणे आणि पुण्याहून रात्रीच्या बसने, साडूभाऊ कोकण रेल्वेने कुडाळला उतरले. गुलाबी रेडियम चिकटवून नवीन स्पून आणला होता, सराफाकडे परत वजन. आठ रंग तपासायचे तर आयुष्य जाईल म्हणून दोनच ठेवले: त्यांचा फ्लोरोसंट गुलाबी आणि माझा काळा.

नियम लिहून दोघांनी सही केली. बोट एक, रॉड दोन, रील, ब्रेड (विणलेली दोरी), लीडर (दोरीचा ल्युअरकडचा तुकडा) सगळं सारखं. दर २० मिनिटांनी स्पून अदलाबदल, मासा लागत असो वा नसो. पहिला स्पून कोणाला, ते चिठ्ठी टाकून, आणि चिठ्ठी बोटवाले तांडेलकाका उचलणार. दोन्ही सकाळी ६:३० ते १०:३०, म्हणजे एकूण २४ पाळ्या आणि दोन्ही रंग कायम पाण्यात. तासांचा घोळ इथे संपला.

इथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे त्यामुळे काका आम्हाला गाभ्याच्या हद्दीबाहेरच घेऊन गेले, खडकांजवळ, खोली नऊ-दहा मीटर. चकती ५ मीटरला गेली. डुमसच्या २५ पट! ताट खाली जाताना आधी पांढरं, मग निळसर-हिरवं, मग चंद्रावर ढग आल्यासारखं फिकट फिकट होत एकदम नाहीसं, मी आणि साडूभाऊ दोघंही बोटीच्या काठावर पालथे पडून लहान पोरांसारखे बघत होतो, काका म्हणे "गळ कधी टाकतलास?"

काकांना विचारलं कोणता रंग. म्हणाले, "आधी पाणी बघा, रंग मगे." माकुलसाठी (स्क्विडसाठी) मात्र त्यांच्याकडे चार रंगांचे जिग, म्हणजे माकुलचे खास ल्युअर, होते. बहुतेक माकुलांच्या डोळ्यात उजेड टिपायला एकच रंगद्रव्य असतं, जवळजवळ सगळ्या माकुलांना रंग दिसतच नाहीत, त्यांना उजेडाची लहर कोणत्या दिशेने हलते (ध्रुवीकरण) ते कळतं, जे आपल्याला कळत नाही. काकांना सांगितलं तर हसले आणि नारिंगी लावला. मुशीचंही तेच, २०११ मधे ऑस्ट्रेलियात १७ जातींच्या शार्कचे डोळे तपासले तेव्हा १० जातींत रंग बघायच्या शंकूसारख्या पेशीच सापडल्या नाहीत आणि ७ जातींत एकाच प्रकारच्या, म्हणजे एकूण काळं-पांढरं जग. उथळ पाण्यातल्या बाकी बऱ्याच माशांना मात्र रंग चांगले दिसतात. त्यामुळे "माशाला रंग दिसतो का" हा प्रश्नच चुकीचा, कोणत्या माशाला ते विचारा.

पहिली सकाळ: ७ मासे. टोळ तीन, हेकरू दोन, सुरमईची लहान पिल्लं दोन, सोडली. दुसरी सकाळ: ५. त्यातला एक रद्द करावा लागला कारण वेळ संपली तरी साडूभाऊंनी गुलाबी काढला नाही, आत्ताच टोळ मागे आलाय म्हणे, चालू असताना कोण काढतं, आणि वर दोन मिनिटांनी तो टोळ लागला पण. मी मोजणार नाही म्हटलं. बोटीवर पाच मिनिटं कोणी कोणाशी बोललं नाही.

रद्द सोडून ११. काळ्यावर ८, गुलाबीवर ३.

खरं सांगतो, त्या दुपारी जेवताना मला घास गोड लागत होता. ८-३!

१९ जानेवारी, रविवार

घरी आल्यावर मुलीला ऐटीत सांगितलं. तिने एक रुपया काढला आणि म्हणाली ११ वेळा उडवा. छाप ७, काटा ४. परत. ६-५. परत, ८-३! तिने २० राऊंड उडवले, लिहून ठेवले, त्यात ८-३ किंवा त्याहून एकतर्फी ५ वेळा आलं. नाण्याला काय काळा-गुलाबी कळतो? मग गणित केलं, दोन्ही रंग अगदी सारखे असले तरी ११ माशांत ८-३ किंवा जास्त फरक नशिबाने पडायची शक्यता साधारण २३ टक्के. म्हणजे चारात एकदा. दोन रात्रींची बस, बोटीचं भाडं, सह्या, सराफ, आणि हाती आलं नाण्याएवढं.

किती मासे लागतील मग? शंभर माशांत ६०-४० आलं तरी ते जेमतेम काठावर, साडेपाच टक्क्यांच्या आसपास. आमच्या वेगाने शंभर मासे म्हणजे मालवणचे आणखी सोळा-सतरा दिवस, तेही तेच पाणी, तोच मोसम. बायकोला विचारायची हिंमत नाही.

पण वही चाळता चाळता दुसरीच गोष्ट सापडली. रंग आम्ही बदलत होतो, हात नाही. ११ पैकी ९ मासे साडूभाऊंच्या रॉडवर! काळ्यावरचे ८ त्यातले ६ त्यांचे, गुलाबीवरचे ३ ते तिन्ही त्यांचे. ९-२ किंवा जास्त, नशिबाने पडायची शक्यता साडेसहा टक्के. पक्कं म्हणायला हेही कमीच, पण रंगाच्या आकड्यापेक्षा कितीतरी बोलकं.

कॅमेरा बोटीच्या काठाला लावलेला होता तो व्हिडिओ परत बघितला. मी रील फिरवतो एकसारखं, पिठाची चक्की चालल्यासारखं. साडूभाऊ तीन वेळा फिरवतात, रॉडच्या टोकाला मनगटाने हलका झटका, आणि मग थांबतात. थांबले की स्पून डगमगत खाली पडतो, मेल्या माशासारखा. नऊपैकी सात वेळा दोरी त्या थांबण्यातच ताणली गेली. त्यांना विचारलं तुम्ही असं का करता, म्हणाले "असं म्हणजे कसं?" त्यांना माहीतच नाही. दोन वर्षं आपण रंगावर भांडतोय आणि जे चालतंय ते त्यांच्या मनगटात आहे आणि श्रेय गुलाबीला.

२ फेब्रुवारी, रविवार

माझ्यापुरतं ठरवलंय ते असं. पाण्यावर गेलं की आधी ताट सोडायचं. अर्ध्या मीटरच्या आत गेलं तर ल्युअरचा नाद सोडून कोळंबी. मीटर-दोन मीटर असेल तर पोपटी-पिवळा, गढूळ हिरव्या पाण्यात तोच लांबून उजळतो. स्वच्छ पाण्यात चांदी, कारण ती समोर जो उजेड असेल तोच परत फेकते. अंधुक पहाट किंवा ढग असतील तर काळा. साधा लाल खोल पाण्यात म्हणजे काळाच समजायचा, पैसे वाचवा. हे सगळं उजेडाच्या हिशोबाने, माझ्या ११ माशांच्या नाही. आणि रंग बदलायच्या आधी खोली बदलायची, मग वेग, मग थांबणं, रंगाची पाळी त्यानंतर.

३१ मधले १९ ल्युअर काढून टाकायला ठेवलेत. अजून टाकले नाहीत.

वाघूरच्या काठावर नुसतं थांबायचं शिकतोय, हुक काढून टाकलेला स्पून बांधून. अवघड आहे. हात आपोआप फिरतो.

९ मार्च, रविवार

साडूभाऊंचा फोन, दमणहून. सकाळी मोठा जिताडा, साडेचार किलो, "गुलाबीवर पाहुणे, लिहा तुमच्या वहीत." मनापासून आनंद झाला, खोटं नाही. मग विचारलं दुसरा कोणता रंग लावून बघितला होता का. म्हणे दुसरे आणलेच नव्हते. लिहिलं वहीत, तास साडेतीन, गुलाबी साडेतीन, बाकी शून्य.

फोटो मागवला. तोंडात स्पून आडवा, रेडियमचा अर्धा पापुद्रा निघालेला, खालची चांदी उघडी. जिताड्याने यातलं काय बघितलं देव जाणे.

२७ एप्रिल, रविवार

मामाचा फोन आला, ये, पाणी गुडघ्यावर आलं. ४४ डिग्री ऊन, केळीला ट्यूबवेलचं पाणी चालू, विहिरीत आता नुसता थंडावा. पुतण्या पायऱ्यांवरून उतरला, गाळात हात घालून दहा मिनिटं चाचपडला, एक जुनी बादलीची कडी, एक चप्पल, आणि मग ओरडला सापडला म्हणून. वर आणून हंड्याच्या पाण्यात धुतला. सहा महिने गाळात राहून गुलाबी जशाच्या तसा, एका कोपऱ्यात फक्त जरा सुटलाय. हुक मात्र पूर्ण गंजून गेले. नवीन ट्रेबल हुक आणि दोन स्प्लिट रिंग मागवल्यात, वजन परत करायचं आहे, सराफ सोमवारी बंद, मंगळवारी जाईन.